इंग्रज इथून गेले, पुढे त्यांच्या देशात काय झालं? महायुद्धानंतरचा ब्रिटन कसा वाचायचा

प्रश्न असा आलाय की आपल्या शाळेच्या पुस्तकात १९४७ ला इंग्रज बोटीत बसतात आणि गोष्ट संपते, तर त्यापुढे त्यांच्याकडे काय झालं ते वाचायचंय, सुरुवात कुठून करू, पंतप्रधान क्रमाने घेऊ का, आणि १९७९ ला पंतप्रधान झालेल्या थॅचरबाई आधी वाचल्या तर चालेल का. मी कॉलेजात आधुनिक ब्रिटन आणि युरोप बरीच वर्षं शिकवलंय, त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगून ठेवतो.

पंतप्रधानांची यादी सरळ बाजूला ठेवा. स्पर्धा परीक्षेची मुलं हेच करतात, ॲटली, चर्चिल, ईडन, मॅकमिलन अशी माळ ओढत जातात आणि १९५६ च्या सुएझ कालव्याच्या संकटापर्यंत पोचता पोचता कंटाळून सोडून देतात. त्यापेक्षा एकच प्रश्न हातात धरा, की या सगळ्याला पैसे कुठून येणार होते? सगळ्यांना फुकट दवाखाना, लाखो नवी घरं, जर्मनीत फौज, मलायात फौज, स्वतःचा अणुबॉम्ब, आणि हे सगळं अशा देशाने करायचं जो युद्ध जिंकून कफल्लक झालाय. हा प्रश्न धरलात की निदान १९४५ ते १९७९ हा काळ सुटा सुटा वाटत नाही.

म्हणजे बघा, ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण आला आणि आठवड्याभरात अमेरिकेने लेंड-लीजची, म्हणजे युद्धकाळात मित्रदेशांना माल पुरवायची, मदत बंद करून टाकली. तोवर ब्रिटनचं पोट आणि कारखाने बऱ्याच अंशी त्याच्यावर चालू होते. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्स वॉशिंग्टनला गेले, लंडनला आशा होती की अमेरिका देणगी देईल, गेलाबाजार बिनव्याजी तरी देईल, हाती आलं ते ३७५ कोटी डॉलरचं कर्ज, २ टक्के व्याजाने. याचा शेवटचा हप्ता फिटला डिसेंबर २००६ मध्ये, टोनी ब्लेअरच्या काळात! पण व्याजापेक्षा जाचक अट दुसरीच होती, कर्ज लागू झाल्यापासून वर्षभरात पौंड खुला करायचा, म्हणजे ज्याला पौंड देऊन डॉलर हवेत त्याला द्यायचे. ती तारीख आली १५ जुलै १९४७. लोकांनी डॉलरसाठी रांग लावली, आणि २० ऑगस्टला सरकारला ते दार बंद करावं लागलं. तारखा नीट बघा, इकडे १५ ऑगस्टला आपल्याकडे मध्यरात्रीचं भाषण चालू होतं तेव्हा लंडनच्या अर्थखात्यात डॉलर संपत चालल्याची धावपळ होती. आपण या दोन गोष्टी कधी एका पानावर वाचत नाही.

मी विद्यार्थ्यांना पहिला अभ्यास नेहमी एकाच महिन्याचा द्यायचो, फेब्रुवारी १९४७. पार्श्वभूमी अशी की १ जानेवारी १९४७ ला कोळसा खाणी सरकारी झाल्या, खाणींवर पाट्या लागल्या की आता या जनतेच्या वतीने चालवल्या जातात, सात लाखांच्या आसपास कामगार, मोठा आनंद. आणि त्याच महिन्याच्या शेवटी असा बर्फ पडायला लागला की मार्चपर्यंत थांबला नाही. कोळसा खाणीवर पडलेला, रेल्वे वॅगन बर्फात अडकलेल्या, वीजकेंद्रं रिकामी. ७ फेब्रुवारीला इंधनमंत्री शिनवेल यांनी कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, सांगितलं की लंडन, आग्नेय भाग, मिडलँड्स, वायव्य भाग इथल्या कारखान्यांची वीज सोमवारपासून बंद, घरांची वीजही दिवसातले ठरावीक तास बंद. वीस लाखांवर माणसं घरी बसली, साप्ताहिकं बंद, टीव्ही बंद.

आता पुढे वाचा. १८ फेब्रुवारीला परराष्ट्रमंत्री बेव्हिन सांगतात की पॅलेस्टाइनचा प्रश्न युनोकडे देतोय. २० ला मजूर पक्षाचे पंतप्रधान ॲटली जाहीर करतात की जून १९४८ पर्यंत भारत सोडणार. २१ ला अमेरिकेला कळवतात की ग्रीस आणि तुर्कस्तानला मदत करणं यापुढे आम्हाला झेपणार नाही, ज्यातून मार्चमध्ये ट्रुमन डॉक्ट्रिन, म्हणजे कम्युनिझमविरुद्ध देशांना मदत करायचं अमेरिकेचं धोरण, निघालं. चार दिवसांत तीन निर्णय, आणि सगळे मेणबत्तीच्या उजेडात म्हणावेत असे!

इथे एक खबरदारी घ्या. यावरून "बर्फ पडला म्हणून आपल्याला स्वातंत्र्य मिळालं" असं कोणी सांगायला लागलं तर त्याला फेब्रुवारी १९४६ चं मुंबईतलं नौदलाचं बंड, आझाद हिंदचे खटले, बेचाळीस, सगळं आठवून द्या. भारत हातातून गेलेलाच होता. थंडीने फक्त हे केलं की ज्या मंत्रिमंडळाला अजून थोडं रेटून नेऊ असं वाटत होतं त्यांच्याकडे रेटायला काही उरलं नाही. कारण आणि वेळ, दोन वेगळे प्रश्न असतात, इतिहास वाचताना हे सारखं सारखं मिसळतं.

हा महिना वाचायला एक पैसा लागत नाही. ब्रिटिश संसदेचं हॅन्सार्ड, म्हणजे तिथल्या भाषणांची नोंद, इंटरनेटवर फुकट आहे, तारीख टाका आणि वाचा. मंत्रिमंडळाच्या बैठकींचे कागदही लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जने स्कॅन करून ठेवलेत. भाषा सोपी असते, पुस्तकांपेक्षा सोपी, कारण ती माणसं भांडत असतात. आणि ब्रिटिश पाथेच्या जुन्या वृत्तफिती यूट्यूबवर आहेत, त्या हिवाळ्यातल्या शोधून बघा.

आता पैशाच्याच प्रश्नात आपला एक धागा आहे जो मराठी वाचकाला ठाऊक असायला हवा आणि बहुतेकांना नसतो, तो म्हणजे स्टर्लिंग शिल्लक. युद्धात इथे भारतात जे सैन्य उभं राहिलं, जो माल, कापड, पोलाद, धान्य ब्रिटिश सरकारने उचललं त्याचे पैसे त्यांनी रोख दिलेच नाहीत, लंडनमध्ये आपल्या नावावर पौंड जमा दाखवले. इकडे रिझर्व्ह बँक त्या जमेवर नोटा छापत गेली, महागाई भडकली, बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाच्या कारणांमध्ये याचाही वाटा धरला जातो. युद्ध संपलं तेव्हा चित्र उलटलेलं, पूर्वी भारत ब्रिटनचा देणेकरी होता, आता ब्रिटन आपलं शंभर कोटी पौंडांहून जास्त देणं लागत होता. चर्चिल आणि त्यांच्यासारख्यांचं म्हणणं की आम्ही तुमचं रक्षण केलं, तेव्हा उलट आमचाच हिशेब तुमच्याकडे निघतो. १९४३ पासून रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरच्या खुर्चीत कोण होते, तर आपले चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावचे. १९४४ ला अमेरिकेत ब्रेटन वुड्सला, युद्धानंतरची जगाची पैशाची व्यवस्था ठरवायच्या परिषदेत, भारताच्या शिष्टमंडळाने हा विषय जगासमोर काढला, त्यात देशमुख होते आणि मुंबईचे ए. डी. श्रॉफ होते, आणि केन्सना तिथे सगळ्यांसमोर शब्द द्यावा लागला की ब्रिटन हे देणं सन्मानाने फेडेल. ऑगस्ट १९४७ ला तात्पुरता करार झाला, आपले पैसे दोन खात्यांत विभागले, एकातून खर्च करता येईल आणि दुसरं गोठवलेलं, म्हणजे सावकार आपण आणि पैसे काढायला परवानगी कर्जदाराची!

आपल्याकडे याच्याबद्दल "त्यांनी आपले पैसे बुडवले" असं सरसकट बोललं जातं, ते खरं नाही, पैसे आले, टप्प्याटप्प्याने आले, पहिल्या-दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या आयातीत संपले. पण १९४९ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० वर आणला तेव्हा डॉलरच्या हिशेबात आपली शिल्लक एका रात्रीत आक्रसली, हे मात्र खरं. पुण्यात असाल तर गोखले इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीत या विषयावरचं जुनं साहित्य बघायला हरकत नाही. तिथे रमलात तर ती पंतप्रधानांची यादी कायमची विसरून जाल.

बरं, हे झालं वरचं. खालचं काय, म्हणजे माणसं कशी जगत होती? तर रेशनवर. बहुतेकांना वाटतं रेशन म्हणजे युद्धातली गोष्ट, पण पावावर रेशन युद्धात कधीच नव्हतं, ते लागलं जुलै १९४६ ला आणि उठलं जुलै १९४८ ला. बटाट्यावरही १९४७ मध्ये आलं. चॉकलेट-गोळ्या १९५३ च्या फेब्रुवारीत मोकळ्या झाल्या, आणि मटणाबरोबर सगळं रेशन संपलं जुलै १९५४ मध्ये, युद्ध जिंकल्यावर नऊ वर्षांनी. आपल्याकडे साठ-सत्तरच्या दशकात ज्यांनी रेशनच्या रांगा लावल्यात त्यांना हे वाचताना फार काही समजावून सांगावं लागत नाही. मजूर पक्ष १९५१ ला का हरला याची पुस्तकी कारणं पुष्कळ आहेत, पण रांगेत उभं राहून राहून कंटाळलेली बाई हे कारण मी बरंच वर ठेवीन.

हे सगळं वाचायला डेव्हिड कायनास्टन यांचं ऑस्टेरिटी ब्रिटन घ्या, २००७ चं, १९४५ ते ५१ एवढाच काळ आणि तरी जाडजूड. त्यात रोजनिश्या, पत्रं, वर्तमानपत्रातल्या बारीक बातम्या यांच्यातून माणसं बोलतात. रोजनिश्या बऱ्याचशा मास ऑब्झर्व्हेशनच्या, ही १९३७ ला सुरू झालेली भन्नाट संस्था, साध्यासुध्या लोकांना सांगायची की रोज काय केलंत, काय वाटलं ते लिहून पाठवा. पण हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायला जाऊ नका, दमाल. एक वर्ष निवडा, तेवढंच वाचा, मग दुसरं.

एनएचएस, म्हणजे सगळ्यांना फुकट दवाखाना देणारी सरकारी आरोग्यसेवा, तिच्याबद्दल थोडंच सांगतो, कारण त्यावर भाबडेपणाने खूप लिहिलं जातं. ५ जुलै १९४८ ला सुरू झाली, अन्युरिन बेव्हन यांचं काम. (वरचे बेव्हिन वेगळे, हे बेव्हन वेगळे, दोघांचं एकमेकांशी अजिबात पटायचं नाही आणि मराठीत लिहिताना तर हमखास घोळ होतो.) तिच्यामागे डिसेंबर १९४२ चा सामाजिक सुरक्षेवरचा बेव्हरिज अहवाल होता, आणि हे बेव्हरिजसाहेब जन्मले कुठे तर बंगालात, रंगपूरला. पण वाचायचा प्रसंग तो नाही. वाचायचा तो एप्रिल १९५१ चा. कोरियाचं युद्ध चालू, अमेरिकेच्या आग्रहाने ब्रिटनने तीन वर्षांत ४७० कोटी पौंडांचा शस्त्रखर्च मान्य केलेला, आणि अर्थमंत्री गेट्सकेल यांनी बजेटमध्ये चष्म्यांवर आणि कवळ्यांवर निम्मी किंमत आकारायची ठरवली, ज्यातून पूर्ण वर्षाला मिळणार होते जेमतेम दोन-अडीच कोटी पौंड. बेव्हन राजीनामा देऊन बाहेर पडले, बरोबर तरुण हॅरॉल्ड विल्सनही. पक्ष पुढची कित्येक वर्षं दुभंगलेला राहिला. एवढ्याशा रकमेसाठी? हो, कारण भांडण रकमेचं नव्हतंच, फुकट म्हणजे फुकट हे तत्त्व मोडलं तर पुढे कुठे थांबायचं याचं होतं. आणि बेव्हन यांचा दुसरा मुद्दा की एवढी शस्त्रं बनवायला देशात कच्चा माल आणि यंत्रंच नाहीत, तो पुढे चर्चिल सरकारनेही मान्य केल्यासारखाच झाला, त्यांनी तो कार्यक्रम लांबवला.

आता महत्त्वाचं. कुठलंही पुस्तक उघडलंत की आधी ते कोणत्या साली छापलंय ते बघा. या विषयात हे फारच चालतं. सत्तरच्या दशकात आणि ऐंशीत लिहिलेलं बहुतेक साहित्य ऱ्हासाचं आहे, ब्रिटन कसा बुडाला, कोणी बुडवला. साहजिक आहे, १९७४ ला वीज वाचवायला कारखाने आठवड्यात तीनच दिवस, १९७६ ला आयएमएफकडून (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) ३९० कोटी डॉलरचं कर्ज, १९७८-७९ च्या हिवाळ्यात कचऱ्याचे ढीग आणि लिव्हरपूलला प्रेतं पुरायला माणसं नाहीत, अशा वातावरणात बसून मागे बघितलं तर १९४५ पासूनच सगळं चुकलेलं दिसतं. कॉरेली बार्नेट यांचं १९८६ चं द ऑडिट ऑफ वॉर याचा उत्तम नमुना, त्यांचं म्हणणं देश नवं जेरुसलेम, म्हणजे कल्याणकारी राज्याचं स्वप्न, बांधायला निघाला आणि कारखाने तसेच कुजत ठेवले. थॅचरबाईंच्या मंडळींना हे आवडलं नसतं तरच नवल. याच्या विरुद्ध टोकाला डेव्हिड एजर्टन, द राइज अँड फॉल ऑफ द ब्रिटिश नेशन, २०१८. ते म्हणतात कल्याणकारी राज्य वगैरे नंतर, युद्धानंतरचा ब्रिटन आधी शस्त्रं, विज्ञान आणि कारखाने यांच्यावर बेसुमार खर्च करणारा देश होता, आणि ऱ्हासाची कहाणी बरीचशी राजकारण्यांनी एकमेकांना झोडपायला रचलेली. दोन्ही पाठोपाठ वाचा. डोकं गरगरेल, पण एकाच आकड्यावरून दोन माणसं किती लांब जातात ते दिसेल.

माझं मत विचाराल तर मी एजर्टनकडे झुकतो. जर्मनी आणि जपान जास्त वेगाने वाढले हे खरं, पण पन्नासच्या दशकात बेकारी सरासरी दोन टक्क्यांच्या आत होती, १९५० ला रस्त्यावर वीस-बावीस लाख मोटारी होत्या त्या १९७० पर्यंत एक कोटीच्या वर गेल्या, टीव्ही लायसन्सं १९५१ ला दहा लाखसुद्धा नव्हती ती १९६० ला कोटीच्या वर. शेजारी जास्त श्रीमंत झाला म्हणजे आपण गरीब झालो असं होत नाही ना. मॅकमिलन यांचं जुलै १९५७ चं बेडफर्डचं भाषण, लोकांचे दिवस इतके चांगले कधीच नव्हते हे, सगळे तेवढंच सांगतात, पण त्यांनी लगेच पुढे विचारलं होतं की हे टिकेल का, आणि त्या भाषणाचा मतलब महागाईचा इशारा होता. तसंच थॅचर यांच्या आधीचे पंतप्रधान कॅलहन यांच्या तोंडी घातलेलं "संकट? कुठलं संकट?" हे ते कधी बोललेच नाहीत, ते जानेवारी १९७९ चं सन या पेपराचं शीर्षक आहे.

कागद बाहेर येण्यालाही वेळ लागतो, याचं उदाहरण सुएझ. जुलै १९५६ ला इजिप्तच्या नासरने सुएझ कालवा ताब्यात घेतला, ऑक्टोबरच्या २४ ला पॅरिसजवळ सेव्हर्सला ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायलने गुपचूप करार केला की इस्रायल हल्ला करेल आणि आपण भांडण सोडवायला म्हणून उतरू. ईडननी ब्रिटनची प्रत नष्ट करवली आणि २० डिसेंबरला कॉमन्समध्ये उभं राहून सांगितलं की इस्रायलच्या हल्ल्याची आगाऊ कल्पना नव्हती. पण इस्रायलने आपली प्रत जपून ठेवलेली! सरकारी कागद तीस वर्षांनी खुले करायचा नियम होता, त्यामुळे सुएझच्या फायली जानेवारी १९८७ ला बाहेर आल्या. म्हणून सुएझवर त्याच्या आधीचं पुस्तक मिळालं तर ते त्या काळचं मत म्हणून वाचा, पुरावा म्हणून नको. आणि फौजा का थांबल्या, तर परत पैसा, अमेरिकेने पौंडाला टेकू द्यायला नकार दिला.

बाहेरून आलेल्या लोकांबद्दल वाचल्याशिवाय हा काळ अर्धाच राहतो. सगळे जून १९४८ च्या, वेस्ट इंडिजहून माणसं घेऊन आलेल्या विंडरश बोटीपासून सुरू करतात, मी कायद्यांपासून करायला सांगतो. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने साम्राज्यातल्या आणि राष्ट्रकुलातल्या कोणालाही तिथे जाऊन राहायचा हक्क होता, म्हणजे आपल्यालाही. १९६२ ला तो आवळला, १९६८ ला केनियातले भारतीय यायला लागले तेव्हा तीन दिवसांत कायदा पास करून त्यांच्या हातातला ब्रिटिश पासपोर्ट निकामी केला, आणि हे मजूर सरकारने केलं. त्यांच्यात गोव्याची माणसंही होती, नैरोबीत रेल्वे आणि सरकारी कचेऱ्यांत कारकुनी केलेली. दुसरीकडे दवाखाने आपल्या डॉक्टरांवर चालत होते, मुंबई-पुण्याच्या जुन्या दवाखान्यांच्या पाट्यांवर एफआरसीएस, एमआरसीपी अशा ब्रिटिश पदव्या दिसायच्या त्यातले बरेच त्याच एनएचएसमध्ये रात्रपाळ्या करून आलेले. १९६० ते ६३ आरोग्यमंत्री होते इनॉक पॉवेल, ज्यांनी १९६८ ला बर्मिंगहॅमला स्थलांतरितांविरुद्धचं ते कुप्रसिद्ध भाषण केलं, त्यांच्याच कारकिर्दीत ही डॉक्टरभरती जोरात होती. याच्या आधीच्या काळातल्या पार्श्वभूमीसाठी रोझिना विस्राम यांचं एशियन्स इन ब्रिटन, २००२ चं, जरूर घ्या.

किरकोळ दोन गोष्टी. जुने हिशेब पौंड-शिलिंग-पेनीत असतात, वीस शिलिंगचा पौंड, बारा पेनीचा शिलिंग, १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत, रुपये-आणे-पै केलेल्यांना जड जाणार नाही. आणि १९७४ पूर्वीच्या कागदात बिलियन दिसला तर थांबा, तिकडे तो लाख कोटीचा धरला जायचा. उत्तर आयर्लंड मी मुद्दाम घेतलं नाही, ते वेगळंच वाचायला लागतं, यात कोंबू नका.

राहिल्या थॅचरबाई. आधी वाचू नका. निदान कोळसा तरी आधी वाचा. १९७२ च्या संपात खाणकामगारांनी बर्मिंगहॅमच्या सॉल्टली डेपोचं फाटक बंद पाडलं आणि सरकार वाकलं. १९७४ ला पंतप्रधान हीथ यांनी "देश कोण चालवतो" म्हणत निवडणूक घेतली आणि सत्ता गेली. थॅचर त्या मंत्रिमंडळात होत्या, बघत होत्या. फेब्रुवारी १९८१ ला पुन्हा खाणी बंद करायचा विषय निघाला तेव्हा पोलादी वगैरे म्हणवणाऱ्या बाईंनी चक्क माघार घेतली, कारण कोळशाचा साठा पुरेसा नव्हता. मग तीन वर्षं वीजकेंद्रांवर कोळशाचे डोंगर रचले, तेलावर चालणाऱ्या वीजकेंद्रांची तयारी ठेवली, आणि मार्च १९८४ ला, हिवाळा संपताना, वीसेक खाणी बंद करायचं काढलं. त्या वर्षभराच्या संपाचं वर्णन सगळीकडे पोलीस, घोडे, ऑर्ग्रीव्हची चकमक असंच येतं, तेही वाचा, पण त्याआधी १९८१ ते ८४ मधले कोळसासाठ्याचे आकडे शोधून समोर ठेवा. ते कागद आता खुले झालेत.